कोरम भरला, पण सभा दोन ठिकाणी चालू होती

ऑक्टोबर छाटणी उरकून कोवळी फूट बाहेर आलेली आणि वर परतीचा पाऊस. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षवाल्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनीची भीती. किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, यावर सकाळी फवारणी करायची की पैसे वाचवायचे ते ठरतं. माझ्या पीएचडीच्या कामाचा एक भाग हाच आहे: बागेतल्या सेन्सरची रीडिंग गोळा करायची, हिशोब करायचा आणि पहाटे शेतकऱ्याच्या मोबाईलवर एक मेसेज टाकायचा.

हे सगळं चालतं एका व्हर्च्युअल मशीनवर, आणि ते मशीन दोन जुन्या सर्व्हरच्या क्लस्टरवर. सॉफ्टवेअर प्रॉक्समॉक्स व्हीई. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर लायसन्सचं गणित बदललं, आणि आमच्यासारख्या कमी पैशांच्या बऱ्याच लोकांनी हीच वाट धरली. एक सर्व्हर जुन्या इमारतीत, त्याला ‘अ’ म्हणू. दुसरा नव्या इमारतीत, तो ‘ब’. इंटरनेटचा राऊटर ब च्या बाजूला. गच्चीवरच्या हवामान केंद्राची वायर अ च्या बाजूला. मधे एक केबल आणि व्हरांड्यातला एक छोटा स्विच. मशीन अ वर चालायचं आणि त्याची डिस्क दर पंधरा मिनिटांनी ब वर कॉपी व्हायची.

त्या रात्री वीज गेली, आली, परत गेली. दोन्ही सर्व्हर यूपीएसवर होते. व्हरांड्यातला स्विच नव्हता. मी घरून इंटरनेटवरून आत शिरले, म्हणजे आपोआप ब च्या बाजूने. अ उत्तर देईना. ब वरून मशीन सुरू करायला गेले तर ब म्हणाला, कोरम नाही. मी ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ ही कमांड दिली, मशीनची सेटिंग फाईल अ च्या नावावरून ब च्या नावावर हलवली आणि मशीन सुरू केलं. एकूण चार मिनिटं लागली असतील. स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी आठला दिंडोरीहून फोन. “ताई, पहाटे म्हणता फवारा, आत्ता म्हणता गरज नाही. नक्की काय करू? माणसं येऊन बसलीत.”

अ मेलेला नव्हताच. तो रात्रभर नीट चालू होता, फक्त मधला स्विच गेला होता. एकच मशीन दोन ठिकाणी, एकाच पत्त्यावर, जिवंत. बागेतली रीडिंग इंटरनेटवरून येतात, ती ब ला मिळत होती. गच्चीवरची रीडिंग अ ला मिळत होती. अ ला पानांच्या ओलाव्याचा एकही आकडा मिळाला नाही, आणि ‘आकडा नाही’ म्हणजे ‘शून्य’ असं प्रोग्राममध्ये मीच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्या हिशोबाने पानं रात्रभर कोरडी होती. सकाळी कोणीतरी स्विचचं बटण दाबलं, केबल जोडली गेली आणि अ ने रांगेत ठेवलेले मेसेज बाहेर सोडले.

प्रोग्राममधली चूक माझी, तिची सफाई इथे देणार नाही. पण त्यानंतर मी प्रॉक्समॉक्सच्या अधिकृत मार्गदर्शकातलं क्लस्टरचं प्रकरण पुन्हा, या वेळी विद्यार्थी म्हणून वाचलं. आजचं लिखाण म्हणजे त्या प्रकरणाचं परीक्षण आहे. ते प्रकरण वाईट नाही, उलट अशा पुस्तिकांमध्ये बरंच चांगलं आहे. त्यात जे लिहिलंय ते खरं आहे. माझी तक्रार आहे ती मांडणीबद्दल.

कोरमबद्दलचा भाग त्यात अगदी छोटा आहे. विकिपीडियातली एक व्याख्या, मग दोन-तीन वाक्यांत एवढंच की नेटवर्क तुटलं तर बदल करायला बहुमत लागतं आणि बहुमत नसेल तर क्लस्टर फक्त वाचण्यापुरता उरतो. पुढे लगेच नेटवर्कच्या सूचना. वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते गणित: दोन सर्व्हर असतील तर दोन मतं लागतात, तीन असतील तर दोन, चार असतील तर तीन, पाच असतील तर तीन. हे गणित *का* असं आहे, हे तिथे कळत नाही. आणि ते न कळल्यामुळे कोरम हा एक अडथळा वाटायला लागतो. रात्री अकराला मलाही तसाच वाटला.

कोरम हा शब्द आपल्याकडे संगणकाआधीपासून आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्या कोणालाही तो माहीत आहे, कागदावर गणपूर्ती, तोंडात कोरम. लोकसभेत एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे ५५ जण पुरतात. विधानसभेत २८८ पैकी २९. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. मग क्लस्टरलाच निम्म्याहून जास्त कशाला? एवढा कडकपणा संसदेलाही नाही!

याचं उत्तर मला लेस्ली लॅम्पोर्टच्या पेपरपाशी बसल्यावर सापडलं. त्याने १९९० मध्ये पाठवलेला आणि १९९८ मध्ये छापून आलेला हा पेपर पॅक्सॉस नावाच्या काल्पनिक ग्रीक बेटावरच्या अर्धवेळ संसदेची गोष्ट सांगतो. सदस्य मनाला येईल तेव्हा सभागृहातून उठून जातात, निरोपे निरोप हरवतात, तरी कायदे एकमेकांविरुद्ध जाता कामा नयेत. आपल्या लोकसभेला एक दशांश पुरतात कारण सभागृह एकच आहे. ५५ जण आत बसले असताना दुसरे ५५ जण दुसऱ्याच इमारतीत ‘आम्हीच लोकसभा’ म्हणून कायदा करत बसलेत, असं होत नाही. क्लस्टरमध्ये नेमकं तेच होऊ शकतं. केबल तुटली की दोन सभागृहं तयार होतात आणि एकाचा आवाज दुसऱ्याला जात नाही. निम्म्याहून जास्तची अट यासाठी की एकाच यादीतून काढलेल्या कोणत्याही दोन बहुमतांमध्ये किमान एक माणूस सामाईक असतोच. पाचातले कोणतेही तीन घ्या, परत कोणतेही तीन घ्या, एक तरी दोन्हीकडे येणारच. तो सामाईक माणूस म्हणजे साक्षीदार. त्याला माहीत असतं की आधी काय ठरलंय.

म्हणजे सभेतला कोरम विचारतो, पुरेसे लोक आलेत का. क्लस्टरमधला कोरम विचारतो, न आलेले लोक दुसरीकडे सभा तर भरवत नाहीत ना. शब्द एकच, पण प्रश्न दोन वेगळे. मार्गदर्शकात हा फरक एका परिच्छेदात सांगता आला असता. (एकाच नावाच्या दोन सभा म्हणजे काय, हे समजवायला महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत उदाहरणं कमी पडत नाहीत, पण तिकडे गेले तर हा ब्लॉग वेगळाच होईल.)

आता त्या कमांडकडे. मार्गदर्शकात ती एका कोपऱ्यात येते: एखादा सर्व्हर क्लस्टरमधून कायमचा वेगळा काढताना उरलेल्याचा कोरम गेला, तर अपेक्षित मतं १ करून काम भागवा, अशा अर्थाने. त्या प्रसंगापुरता सल्ला बरोबर आहे. तिथे दुसरा सर्व्हर आपणच हाताने वेगळा केलेला असतो, तो काय करतोय ते आपल्याला माहीत असतं. पण कमांडच्या यादीत तिचं वर्णन फक्त एक ओळ आहे, अपेक्षित मतांचा नवा आकडा कोरोसिंकला सांगते, बस. कुठल्या परिस्थितीत सांगायचा, ते त्या ओळीत नाही. लोक ती ओळच लक्षात ठेवतात. मीही ठेवली होती.

आपल्या सोसायट्यांमध्ये या कमांडचा जुळा भाऊ आहे, तहकूब सभा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश किंवा २० सभासद, यातले जे कमी असतील ते लागतात. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि नंतरच्या सभेला कोरमची अट नाही. वडाखाली सहा जण बसून सभा पार पाडतात ती अशी. ग्रामसभेचंही तसंच, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ऐकायला हे अगदी ‘एक्स्पेक्टेड १’ वाटतं. पण सोसायटीच्या त्या नियमाला एक शेपूट आहे: तहकूब सभेत मूळ सभेपुढचंच कामकाज घ्यायचं. सहा जणांना सभा भरवता येते, पण त्यांना ऐनवेळी गच्ची विकता येत नाही. सूट दिली आहे, आणि तिला कुंपणही घातलंय.

आमच्या कमांडला असलं शेपूट नाही. अपेक्षित मतं १ झाली की एकटा सर्व्हर सगळंच करू शकतो. हरवलेल्याच्या नावावरची मशीन स्वतःच्या नावावर करू शकतो, सुरू करू शकतो, पुसूही शकतो. ‘दुसरा सर्व्हर बंद असल्याची तुम्ही खात्री केली आहे का’ एवढा साधा प्रश्नही मला त्या रात्री कोणी विचारला नाही. विचारला असता तर? प्रामाणिकपणे सांगायचं तर मी ‘हो’ टाईप केलं असतं. पण ते खोटं बोलताना निदान मला कळलं असतं.

आणि खात्री करायला फार काही लागलं नसतं. जुन्या इमारतीच्या दारावर वॉचमन मामा असतात, त्यांचा नंबर माझ्याकडे होता. “मामा, त्या खोलीतल्या डब्याचे दिवे चालू आहेत का? असतील तर मागचं बटण बंद करा,” एवढा एक फोन. या फोनला आमच्या विषयात फेन्सिंग म्हणतात. समोरचा गप्प आहे म्हणजे मेला असं धरायचं नाही, तो खरंच थांबलाय याची व्यवस्था करायची, आणि मगच त्याचं काम उचलायचं.

इथे माझा मुख्य आक्षेप येतो. मार्गदर्शकात कोरम क्लस्टरच्या प्रकरणात आहे आणि फेन्सिंग पुढे हाय-अव्हेलेबिलिटीच्या प्रकरणात. ज्याला हाय-अव्हेलेबिलिटी नको आहे, असे आमच्यासारखे छोटे लोक दुसरं प्रकरण उघडतच नाहीत. पण कोरम एकटा काय करतो बघा. कोरम गेलेल्या सर्व्हरला *नवीन* निर्णय घेता येत नाहीत. त्याच्यावर *आधीपासून चालू* असलेलं मशीन मात्र चालूच राहतं. सेटिंग्जचं सामाईक फोल्डर कुलूपबंद होतं, प्रोसेसला कोणी हात लावत नाही. त्यामुळे मी ती कमांड दिली नसती, तिसरं मत व्यवस्थित बसवलेलं असतं आणि ब ला अगदी कायदेशीर बहुमत मिळालं असतं, तरीसुद्धा मी हाताने मशीन ब वर सुरू केल्यावर अ वरचं मशीन चालूच राहिलं असतं. कोरम पूर्ण भरलेला, आणि सभा तरी दोन ठिकाणी. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले, आणि आल्यावर थोडी चिडचिडही झाली. हे वाक्य पहिल्या प्रकरणात ठळक अक्षरांत असायला हवं होतं.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मुख्य डेटा सेंटर देखभालीच्या कामात ४३ सेकंद बाकी नेटवर्कपासून तुटलं. उरलेल्या ठिकाणच्या यंत्रणांनी बहुमत जमवलं आणि नियमाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य केलं. मतदानात काहीच चुकलं नव्हतं. पण पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लिखाण शिल्लक होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि तोवर पश्चिमेकडे नवं लिखाण सुरू झालेलं. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. आमच्याकडे एका रात्रीची वही जुळवायला मला एकटीला आठवडा लागला, आणि ती अजूनही माझ्या मनासारखी जुळलेली नाही. दोन्ही मशीननी नोंदींना तेच अनुक्रमांक दिले होते. एकाच क्रमांकाखाली एकीकडे दिंडोरीच्या पानांचा ओलावा, दुसरीकडे आमच्या गच्चीवरचा वारा.

क्यूडिव्हाइसचा भाग मात्र त्या मार्गदर्शकात मनापासून आवडला. क्यूडिव्हाइस म्हणजे क्लस्टरबाहेरचा एक छोटा पंच. रास्पबेरी पायसारख्या डब्यावरही चालतो, स्वतः काही मशीन चालवत नाही, फक्त बरोबरी झाली तर एका बाजूला मत देतो. दोन सर्व्हरच्या क्लस्टरला हाच खरा उपाय आहे. सर्व्हर विषम संख्येने असतील तर तो लावू नका हेही तिथे कारणासकट सांगितलंय, आणि ते कारण मजेशीर आहे. विषम संख्येत हा पंच एक मत देत नाही, सर्व्हरच्या संख्येहून एक कमी इतकी मतं देतो. तीन सर्व्हर असतील तर पंचाची दोन, एकूण पाच, लागणार तीन. आता पंचच बंद पडला तर तीन सर्व्हर, तीन मतं, जेमतेम. त्यात एक सर्व्हर गेला की सगळं ठप्प. पंच नसता तर तीनातला एक गेला तरी काम चाललं असतं. मतांना वजन देण्याची ही कल्पना डेव्हिड गिफर्डच्या १९७९ च्या पेपरपासूनची आहे, आणि वजन चुकीच्या जागी पडलं की काय होतं त्याचं याहून सोपं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आम्ही पंच बसवला. कुठे, यावर बरीच चर्चा झाली. ब च्या शेजारी ठेवला तर केबल तुटल्यावर तो कायम ब चाच. क्लस्टरमधल्याच एखाद्या मशीनवर ठेवणं म्हणजे आरोपीलाच पंच नेमणं. शेवटी तो वॉचमन मामांच्या केबिनमध्ये गेला. तिथे वेगळा इन्व्हर्टर आहे, आणि दोन्ही इमारतींकडे स्वतंत्र केबल टाकता आली. सोबत हाय-अव्हेलेबिलिटी चालू केली, म्हणजे कोरम गेलेला सर्व्हर ६० सेकंदांनी वॉचडॉगकरवी स्वतःलाच रीस्टार्ट करतो आणि दुसरी बाजू साधारण दोन मिनिटांनी मशीन उचलते. (पंच न बसवता दोन सर्व्हरवर हे चालू करू नका. केबल तुटली की दोघांचाही कोरम जातो, आणि दोघांवरही असं मशीन चालू असेल तर दोघंही एकदम रीस्टार्ट होतात.)

मग एका रविवारी मुद्दाम दोन इमारतींमधली केबल उपसली. सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. पंचाला दोन्ही बाजू दिसत होत्या, बरोबरी होती, त्याने मत दिलं अ ला. ब हरला. मशीन अ वर सुखरूप चालू राहिलं, एकच प्रत, कुठे गोंधळ नाही.

आणि इंटरनेटचा राऊटर ब च्या बाजूला.

म्हणजे अ जिंकला, पण बागेतलं एकही रीडिंग त्याच्यापर्यंत येत नव्हतं आणि त्याचा एकही मेसेज बाहेर जात नव्हता. बरोबरी झाली तर पंच ज्याचा क्रमांक लहान त्याला मत देतो, आणि अ चा क्रमांक १ होता, कारण दोन वर्षांपूर्वी मी तो आधी इन्स्टॉल केला होता. कोणती बाजू उपयोगाची आहे, हे त्या पंचाला कळायचा काहीच मार्ग नाही. शेवटी कोरोसिंकच्या स्वतःच्या पानांत शोधून टाय-ब्रेकर बदलला, आता बरोबरीत ब जिंकतो. आणि प्रोग्राममध्ये ‘आकडा नाही’ म्हणजे ‘आकडा नाही’. ओलाव्याची माहितीच नसेल तर मेसेज जातो की आज आमच्याकडे माहिती नाही, बागेत जाऊन पान बघा.

दिंडोरीच्या त्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी त्या दिवशी फवारलं होतं. मला विचारून नाही, मेसेज बघूनही नाही, सकाळी बागेत जाऊन पानाला हात लावून. मामा मात्र अजून दर दोन-तीन दिवसांनी विचारतात, त्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय ते ठीक आहे ना. ठीक आहे म्हणते.